दोरीचं दुसरं टोक

१९८९च्या लोकसभा निवडणुकीत मी १८व्या वर्षी मत दिलं. मतदानाचं वय २१ वरून नुकतंच १८ वर आलं होतं. आमची पहिलीच फळी. शाईचं बोट मी आठवडाभर मिरवलं. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मला सबब उरायला नको.

तीन वर्षांपूर्वीची ग्रामसभा. मी पंचायतीचा सदस्य. वित्त आयोगाच्या निधीतून पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घ्यायची होती. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता, जागा ठरली होती. तेवढ्यात अकरावीतली एक मुलगी वही घेऊन उठली. "तिथल्या चारही विहिरी आम्ही दर रविवारी मोजतो. त्या सगळ्यांत आधी आटतात. ओढ्याकडची टिकते."

मी विचारलं, "मतदार यादीत नाव आहे का तुझं?"

लोक हसले. ती खाली बसली. कायद्यानं माझं बरोबरच होतं, ग्रामसभा मतदारांची असते. पण मला कायदा नको होता, तिचं तोंड बंद करायचं होतं. नारळावर विश्वास ठेवला आणि वहीवर नाही.

बोअर ३०० फुटांवर फेल गेली. नुसता पांढरा धुरळा.

पुढच्या रविवारी मी विहिरीवर गेलो. पश्चात्तापानं नव्हे. वहीत चूक सापडते का, ते बघायला. भूजल खातं आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतं. इथं एकेका विहिरीच्या पन्नासेक नोंदी. पानं उलटताना एक आकडा खोडलेला दिसला. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: 'मोटर चालू होती, हा धरू नये.'

मी तिथंच अडकलो. कुणी पकडलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं, आणि पोरीनं स्वतःचाच आकडा बाद केला होता. बारा वर्षांच्या सदस्यपदात मी माझं एकही म्हणणं असं खोडलेलं नाही. ओढ्याकडे पाणी लागलंच असतं का? ती तसं म्हणत नाही. मी मात्र नारळ बघून खात्री दिली होती.

"काका, वही नंतर बघा, दोरी धरा."

फुटाफुटावर गाठी, टोकाला दगड. कठड्यावर वाकून मी दोरी सोडली. दगड पाण्याला टेकला.

"एकवीस," मी म्हणालो.

"परत सोडा. दोनदा मोजल्याशिवाय आम्ही लिहीत नाही."