विहीर एप्रिलमध्ये मोजायची

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर आदेश दिला आणि पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा झाला. तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमातही तो आहे. सक्तीचा आहे, पण त्याला क्रेडिट नाही. ज्याला क्रेडिट नाही त्याला चौथ्या सत्राच्या धावपळीत वेळही मिळत नाही, आणि याचा दोष मी मुलांना देत नाही.

मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो. शाश्वतता वेगळ्या तासाला शिकवता येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. ती पंपाच्या, पाइपच्या, टाकीच्याच गणितात यायला हवी. आणि ते गणित अशा ठिकाणी मांडायला हवे, जिथे उत्तर चुकले तर कुणाची तरी पाण्याची पायपीट वाढते. म्हणून मी मुलांना कल्याण-नगर रस्त्याने मुरबाड, टोकावडे ओलांडून वैशाखऱ्याला नेतो.

नाणेघाटाच्या पायथ्याचे हे गाव ट्रेकर लोकांना पावसाळ्यात माहीत असते. तेव्हा कड्यावरून धबधबे कोसळत असतात आणि पाण्याचा प्रश्न या परिसरात असेल असे सांगूनही पटत नाही. हीच खरी अडचण आहे. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खाली कठीण काळा कातळ, वर तीव्र उतार. पाणी मुरायच्या आत ओढ्याला लागते. शेजारच्या शहापूर तालुक्यात तर तानसा आणि भातसाची धरणे मुंबईला पाणी देतात आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

म्हणून पाहणी दोनदा करायची: एकदा जानेवारीत, एकदा एप्रिलअखेर. दोरीला दगड बांधून त्याच विहिरींची पातळी पुन्हा घ्यायची. हातपंपावर बादली लावून घड्याळ पाहायचे. एप्रिल म्हणजे परीक्षेचे दिवस, त्यामुळे वेळापत्रकासाठी भांडावे लागते. पण जानेवारीतली विहीर पाहून कुठलीही योजना कागदावर यशस्वी होते. प्रश्न कसा विचारायचा हेही शिकवावे लागते. ‘मावशी, पाणी पुरतं का?’ असे विचारले की ‘पुरवतो, काय करणार’ असे उत्तर येते. ‘आज पहिला हंडा किती वाजता भरला?’ असे विचारले की माहिती मिळू लागते.

मग फळ्यावरचे काम. एका घराचे छप्पर वीस चौरस मीटर धरू. अडीच मीटर पावसाने त्यावर पन्नास हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी चाळीस हजार उरते. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा. पाच माणसांना फेब्रुवारी ते मे, म्हणजे १२० दिवसांना, ३३ हजार लिटर लागतील. मुले खूश होतात, प्रश्न सुटला! मग मी विचारतो, हे ३३ हजार लिटर जूनपर्यंत ठेवायचे कुठे? चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, पावणेतीन मीटर उंच टाके लागेल. घरापेक्षा टाके महाग.

इथे वर्ग शांत होतो आणि खरी अभियांत्रिकी सुरू होते. कुणीतरी म्हणते, पिण्या-स्वयंपाकाचे पाणी वेगळे काढू. माणशी दहा लिटर धरले तर सहा हजारांवर भागते. एवढे फेरोसिमेंटचे टाके गावातला गवंडी शिकून बांधू शकतो. बाकीच्या पाण्यासाठी विहीर. मग त्या विहिरीवरच्या पंपाचे बिल. हजार वस्तीला रोज ५५ हजार लिटर पन्नास मीटर चढवायचे, पंपाची कार्यक्षमता निम्मी धरायची, तर दिवसाला पंधरा युनिट. ते पैसे पाणीपट्टीतून निघतात का? नळ पाणी योजना बंद पडण्यामागे थकलेले बिल हे नेहमीचे कारण असते, आणि पाठ्यपुस्तकात त्याला प्रकरण नाही.

पाहणीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही नाणेघाट चढतो. तिथे सातवाहन काळातली कातळात खोदलेली टाकी आहेत. एका टाक्यावर सोपाऱ्याच्या गोविंददासाचे हे दान असल्याचे कोरलेले आहे. जो कातळ खाली विहिरीला दगा देतो, तोच इथे पाणी धरून ठेवतो. ती टाकी वाटसरूंसाठी होती, गावाची गरज त्यांनी भागणार नाही, हेही मी तिथेच सांगतो. पूर्वजांच्या कौतुकात मोजमाप हरवू नये.

हे करणारा मी एकटा नाही. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने १९८५ पासून खेड्यांतले प्रश्न अभ्यासाला घेतले. २०१६ च्या उन्नत महाराष्ट्र अभियानाने राज्यातल्या महाविद्यालयांसाठी तो रस्ता खुला केला. तरी सहकारी विचारतात, अभ्यासक्रम आधीच पुरा होत नाही, हे बसवायचे कुठे? पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात एक ठरावीक उदाहरण असते: पन्नास हजार वस्तीचे काल्पनिक शहर, माणशी १३५ लिटर. मी त्या उदाहरणाच्या जागी पाडा घेतला. एकही तास वाढवावा लागला नाही.