पट्टी का हलली नाही?

रविवारी सोसायटीतली चार-पाच पोरं आमच्याकडे जमतात आणि काहीतरी उद्योग चालतो. या वेळी हवा. कागदाची पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकली की लोंबणारं टोक उचललं जातं. "वेगवान हवा, कमी दाब. बर्नुली!" आमच्या सातवीतल्या चिरंजीवांनी पाठ केलेलं फेकलं.

म्हटलं, आता पट्टी सरळ उभी लोंबती धर आणि एकाच बाजूने, पट्टीलगत, खाली फुंक. पट्टी जवळपास ढिम्म! हवा तर तेवढीच वेगवान. सगळे गप्प.. (आमच्या घरात दुर्मिळ प्रकार.)

मग चमचा आणला. दांडा चिमटीत सैल धरून पाठ नळाच्या धारेला टेकवली. धार पाठीवरून वळली आणि चमचा धारेत ओढला गेला. तो तिला वळवतो, म्हणून ती त्याला ओढते. पहिल्या पट्टीलाही बाक होता. हवा त्यावरून वळते म्हणून तिथला दाब कमी. केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्कींनी २००३ साली 'फिजिक्स एज्युकेशन'मध्ये हेच मांडलंय. बर्नुली चूक नाही, पण त्याचा नियम एकाच प्रवाहातला. फुंकर आणि पलीकडची स्थिर हवा यांची तुलना त्यात बसत नाही.

"मग परीक्षेत काय लिहू?"

उद्या पट्टी घेऊन शाळेत जा, म्हटलं. बाईंनाच फुंकायला सांग.