झिंग्यांवर चीज : नागपूरच्या एका स्वयंपाकघरातून

नागपूरला समुद्र नाही. मुंबईचा किनारा रेल्वेने ८०० किलोमीटरहून लांब. तरीही सकाळी सदरच्या मंगळवारी बाजारात शिरा, मासळीची कमतरता दिसणार नाही. बर्फात घालून आणलेले रोहू-कतला असतात, त्यातले पुष्कळसे आंध्रातले. भंडारा-गोंदियाच्या तलावांतली मरळ असते, वाघूर असते, आणि नशीब असेल तर ताजे झिंगे. एका बाजूला सुके बोंबील, सुकट आणि सुक्या झिंग्यांचे ढीग. वांग्यात घातलेले सुके झिंगे ज्याने खाल्ले नाहीत, त्याने नागपूर पाहिले असे मी तरी म्हणणार नाही. मुंबई-कोकणचे पाहुणे दीक्षाभूमीवर येतात तेव्हा आमच्या गोड्या पाण्याच्या मासळीला नाक मुरडतात. मुरडोत बापडे! जेवताना मात्र दुसऱ्यांदा रस्सा मागतात.

यंदा इंदोऱ्यात बहिणीकडे मुक्काम होता. भाचीने कढईत झिंगे परतले आणि वरून चीजचा क्यूब किसायला घेतला. शेजारी बसलेल्या आमच्या म्हाताऱ्या आत्याने तिचा हात धरला. "पोरी, मासोळीत दुधाचं घालतं का कोणी? अंगावर कोड फुटते!" भाची म्हणाली, "आजी, बंगाली लोक तर दह्यातच मासे शिजवतात. त्यांना कुठं फुटते?" आत्या काही बोलली नाही, पण ताटात झिंगे घेतले नाहीत.

ही समजूत आत्याची एकटीची नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व्या अध्यायात मासे आणि दूध एकत्र खाऊ नये असे सांगितले आहे. दूध थंड, मासे उष्ण, म्हणून विरुद्ध आहार, असा तो विचार. गंमत अशी, की त्याच ठिकाणी भद्रकाप्य नावाचा विद्वान म्हणतो, चिलिचिम नावाचा एक मासा सोडून बाकी सारे मासे दुधाबरोबर चालतील. आत्रेय त्याचे म्हणणे खोडून काढतो. म्हणजे वाद त्या काळीही होताच. आपल्यापर्यंत मात्र फक्त निकाल आला, वाद आला नाही.

आजचे वैद्यकशास्त्र काय म्हणते? त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की पांढरे डाग पडतात. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच बहुधा या पेशींवर उलटते. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड होते याला पुरावा नाही. कोड संसर्गजन्यही नाही. ज्याला मासळीची किंवा दुधाची ॲलर्जी आहे त्याने ती वस्तू टाळावी, ती गोष्ट वेगळी. मला वाटते, या भीतीला आमच्या उन्हाळ्यानेही खतपाणी घातले असावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा मासळी तासाभरात उतरते, दूधही नासते. नासके खाल्ले की उलट्या होतात, कधी अंगावर पुरळ उठते, आणि दोष जातो जोडीला.

हा नुसता चवीचा प्रश्न असता तर एवढे लिहिले नसते. पण मुलीच्या हातावर पांढरा डाग दिसला की वस्तीतल्या बाया पहिल्यांदा तिच्या आईला विचारतात, "पोटुशी असताना काय खाल्लं होतं?" मुलीचे लग्न अडते, आणि आई जन्मभर स्वतःला अपराधी मानते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा चित्रपट कोड असलेल्या मुलीवरच आहे. घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा आहे.

आणि दुसरे. आमच्या आजीच्या चुलीवर दूध होतेच किती? असलेच तर विकायला जायचे. मासोळी नाल्यातली, दूध परक्याचे. दोन्ही एका ताटात येण्याची वेळच येत नव्हती, तरी मनाई मात्र घरात हजर! १९३६ साली जयपूर संस्थानातील चकवारा गावी यात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना जेवण दिले. पानात तूप वाढले होते. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवले, जेवणाऱ्यांना मारले. बाबासाहेबांनी ही हकीकत 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवली आहे. भाचीच्या हातातला तो क्यूब पाहताना मला चकवारा आठवले.

इटलीतले लोकही मासळीवर चीज घालू देत नाहीत, पण त्यांचे कारण चवीचे. चीजने मासळीची नाजूक चव मारली जाते म्हणतात. शेजारच्या ग्रीसमध्ये मात्र टोमॅटोत शिजवलेल्या कोळंबीवर फेटा नावाचे चीज आवडीने घालतात. चिलीत शिंपल्यांवर चीज घालून भाजतात.

आता घरी करायचे तर पाव किलो ताजे झिंगे सोलावे, पाठीतला काळा दोरा काढावा, हळद, लसूण, तिखट लावून दहा मिनिटे ठेवावे. तेलात कांदा-टोमॅटो मऊ होऊ द्यावा, मग झिंगे टाकावे. तीन-चार मिनिटांत ते वळतात, रंग पालटतो. तेवढ्यावर गॅस बंद. मग दोन क्यूब किसून घालावे आणि झाकण ठेवावे. चीजमध्ये मीठ असते, म्हणून मीठ नेहमीच्या निम्मे. पनीर वितळत नाही, तेव्हा त्याने हे काम होणार नाही. सुकटीवर चीज घालू नये, खारटावर खारट होते आणि रक्तदाबवाल्यांना ते बरे नाही. सावजी रश्श्यातही घालू नये, मसाल्यापुढे चीज कळतच नाही, पैसे वाया. झिंगे मिळाले नाहीत तर मरळीचे तुकडे चालतील. काटे कमी असतात, तरी लहान मुलांना देताना बोटांनी चाचपून द्यावे. आणि गरम असतानाच वाढावे, कारण थंड झाले की चीज आळते आणि झिंगा चिवट लागतो.