एकोणचाळीसचं गाणं

क्वीन बँड म्हटलं की लोक 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'बद्दल बोलतात. मला त्याच अल्बममधलं '३९' हे गाणं त्याहून मोठं वाटतं. १९७५ साली 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' आला. पुढच्या वर्षी हे गाणं दुसऱ्या एका गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेलं आणि बहुतेकांच्या लेखी तिथंच राहिलं.

मी ते पुण्यात हॉस्टेलवर पहिल्यांदा ऐकलं, मित्राच्या एमपीथ्री सीडीवर. आधी चाल आवडली. त्यात रॉकचा दणदणाट नाही. पारावर बसून चौघांनी मिळून म्हणावं, तसं आहे ते. शब्द नंतर उलगडले. काही माणसं नवी जमीन शोधायला अवकाशात जातात. त्यांच्या हिशेबानं वर्षभरात परत येतात, पण इथं शंभर वर्षं उलटलेली असतात. वेगानं जाणाऱ्याचा काळ सावकाश सरतो, हे आइन्स्टाइननं सांगितलेलंच. गाणं लिहिणारा ब्रायन मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी. बँडपायी अर्धवट राहिलेली पीएचडी त्यानं २००७ मध्ये पुरी केली. गाण्यात परतलेल्या माणसाची बायको कधीच गेलेली असते. तिचे डोळे त्याला लेकीच्या डोळ्यांत दिसतात.

त्या रात्री मी तेवढं एकच गाणं पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

माझं गाव सास्तूरजवळ. १९९३ च्या गणपतीत आई आणि मी आजोळी, तुळजापूरला होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. विसर्जन करून माणसं नुकती कुठं आडवी झाली होती. दगडमातीच्या हात-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवदाचा भार, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमची आजी त्यातच. मामानं आम्हाला महिन्यानं परत आणलं तेव्हा पत्र्याच्या शेडच्या दारात दाढी वाढलेला एक माणूस बसला होता. मी मामाच्या मागं लपलो. ते अण्णा होते, माझे वडील.

क्वीनचा गायक, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फ्रेडी मर्क्युरी माझा फार लाडका. कार्यक्रमांत '३९' तोच म्हणायचा, आणि जोरकस म्हणायचा. तरी मला मूळ ध्वनिमुद्रणातला मेचाच आवाज हवा. तो पातळ आहे, किंचित थकलेला. वाईट बातमी सांगायला आलेला माणूस आवाज चढवत नाही. मधे शब्द थांबतात आणि आवाज नुसते वर वर चढत जातात. यान दूर चाललंय आणि खालचं सगळं लहान होतंय, असं तेव्हा वाटतं. मग ठेका परत येतो, आधीसारखाच हसरा. काहींना दुःखाच्या गोष्टीला ही उडती चाल शोभत नाही असं वाटतं. मला तीच खरी वाटते. शेडमध्ये पहिल्या दिवाळीला आमच्या बायाबापड्यांनी टाळ धरला होता, तोही जलदच वाजत होता.

नवं गाव दूर वसलं. सरळ रस्ते, सारखी घरं, दारांवर नंबर. वेस नाही, तरी म्हातारी माणसं अजून 'वेशीकडं जाऊन येतो' म्हणतात. जुन्या पांढरीत बाभळी माजल्यात. आमच्या घराचं जोतं मला दोन दगडांवरून ओळखता येतं. त्यातला एक उखळाचा. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं.

मागच्या दिवाळीत मी अण्णांच्या कानात इअरफोन घातले. शब्द त्यांना कळणार नव्हते, म्हणून आधी गोष्ट सांगितली. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आल्यावर वळखलं का त्येला कुणी?"

मी गाणं पुन्हा लावलं.