रजेचा सल्ला

मी 1993 साली तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला. पहिल्याच वर्षी एक एसटी कंडक्टर आले, वय 27. पहाटे कंबर लाकडासारखी आखडते म्हणाले. रक्तातला ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, “हा वात नाही. उभ्याची नोकरी आहे, महिनाभर रजा घ्या, पडून राहा.”

महिन्याने ते भिंत धरत आले. “डॉक्टर, ड्युटीवर बरा असतो. सुट्टीच्या दिवशीच हाल होतात.” हे त्यांनी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. विश्रांतीने वाढणारं, हालचालीने उतरणारं कंबरदुखणं मी परीक्षेपुरतंच वाचलेलं.

निदान त्यांनीच पुण्याहून करून आणलं, अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस. फायलीत एक ओळ होती, ‘एचएलए-बी27 पॉझिटिव्ह’. “हे काय असतं?” मला सांगता येईना. पुढच्या खेपेला सांगतो म्हणालो आणि लाजेने वाचायला बसलो.

बी27 हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. आतल्या प्रथिनांचे तुकडे खोबणीत धरून ते बाहेर दाखवतं, टी-पेशी ते तपासतात. मी म्हटलं, प्रवाशाने तिकीट दाखवावं, तसं. “मग चेकर का खवळतो?” मी वाचलेलं सांगितलं. कदाचित शरीराचा एखादा तुकडा जंतूच्या तुकड्यासारखा दिसत असेल. किंवा बी27ची घडीच नीट बसत नसेल आणि पेशीत ताण येत असेल. किंवा दोन बी27 जोडीने पृष्ठभागावर येऊन भलत्याच पेशींना चिथावत असतील. वाद अजून मिटलेला नाही.

“म्हणजे खोट तिकिटात नसून हातातही असू शकते,” ते म्हणाले. मला इतकं सोपं सुचलं नव्हतं.

शिकलेलं मग डोक्यात गेलं. त्यांच्या धाकट्या भावाची काही तक्रार नसताना मी तपासणी करवली, पॉझिटिव्ह आल्यावर त्याला घाबरवून सोडलं. बी27 असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, हे पुढचं पान मी वाचलंच नव्हतं. भाऊ आजही ठणठणीत आहे. कंडक्टरांनी तेव्हाही दवाखाना बदलला नाही.

परवा आले होते. मान वळत नाही, म्हणून सगळं अंग वळवून त्यांनी बाकावरच्या पेशंटांकडे पाहिलं. मी स्टूल पुढे केलं.

“नको डॉक्टर, उभाच बरा.”