जाळीवरचा ठेका

आम्हां चौघांपैकी ड्रम वाजवून संसार चालवला तो एकट्यानेच. उरलेल्या तिघांनी वेळीच शहाणपण दाखवले. एक बँकेत लागला आणि आता निवृत्त झाला, एक महाविद्यालयात मराठी शिकवतो, एक औषधांच्या दुकानात बसतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या एका वाद्यवृंदात आम्ही आळीपाळीने एकाच ड्रमसेटवर बसत असू. कोणाची काठी कोणाच्या पिशवीत गेली याचा हिशेब तेव्हाही लागत नसे. तेव्हापासून 'आम्ही' म्हणायची जी सवय जडली ती सुटलेली नाही, म्हणून प्रस्तुत लेखात नेमके कोण बोलते आहे याचा शोध वाचकांनी घेऊ नये. जिथे आमचे पटले नाही तिथे तसे सांगितले आहे.

गेल्या पावसाळ्यात त्याने आम्हां तिघांना घरी बोलावले. ओळखीच्या दुकानदाराकडून त्याने आठ दिवसांच्या बोलीवर एक इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट आणला होता. किंमत दीड लाखाच्या आसपास. पसंत पडला तर घ्यायचा, नाहीतर जसाच्या तसा परत द्यायचा. आणि घ्यायचा तर जुना लाकडी सेट विकावा लागणार. ज्या सेटवर त्याने तीस वर्षे कार्यक्रम केले, मुलीचे शिक्षण केले, तो. "तुम्ही सांगाल तसं," तो म्हणाला. असे म्हणणारा माणूस मनात निर्णय करून बसलेला असतो हा आमचा अनुभव. पण त्या दिवशी तसे दिसले नाही.

कारणे दोन होती. पहिले कारण गृहनिर्माण संस्थेचे पत्र. तो पहिल्या मजल्यावरच्या सदनिकेत मुलांना ड्रम शिकवतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पत्रात हे आकडे अधोरेखित करून दिले होते. ड्रमसेट सहज शंभरच्या पुढे जातो, तेव्हा वादाला जागाच नव्हती. दुसरे कारण त्याने चहा झाल्यावर, वहिनी आत गेल्यावर सांगितले. डाव्या कानात गेले वर्षभर शिट्टी वाजते आहे. रात्री दिवा मालवला की ती स्पष्ट ऐकू येते. कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. वरच्या पट्टीतले बरेचसे गेले आहे आणि ते परत येणार नाही. डावा कान म्हणजे हाय-हॅटच्या बाजूचा कान, हे त्याला सांगावे लागले नाही.

तेव्हा आम्ही जे तपासायला बसलो ते निव्वळ एक यंत्र नव्हते.

ज्यांचा या वाद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या सेटला खोके नसतात. ड्रमच्या जागी उथळ कडी आणि त्यांवर ताणलेली बारीक विणीची जाळी; सिम्बलच्या जागी रबराने मढवलेल्या चकत्या. जाळीखाली एक संवेदक असतो, ज्याच्यावर दाब पडला की त्यातून क्षीण विद्युत्‌दाब निर्माण होतो. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिलेला हा स्फटिकांचा गुण. तो दाब मॉड्यूल नावाच्या डबीत जातो. डबी आघाताचे बळ मोजते, त्याला एक आकडा देते, आणि त्या आकड्याला साजेसा आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज हेडफोनमध्ये सोडते. १९८३ पासून चालत आलेल्या मिडी पद्धतीत आघाताचे हे बळ १ ते १२७ अशा पायऱ्यांत मोजले जाते. आवाज आधीचाच असतो. वाजवणारा फक्त त्याला हाक मारतो. 'हाक मारतो' हा शब्द प्राध्यापकाचा. त्याने पुढे संहिता आणि वाचक यांच्यावर घसरायचा प्रयत्न केला, तो आम्ही तिथेच थांबवला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही चौघेही खूश होतो, हे मान्य केले पाहिजे. जाळी छान आहे. १९८१ चा सिमन्सचा षट्कोनी पॅडचा सेट ज्यांनी वाजवला, त्यांचे मनगट त्या कडक पृष्ठभागाने दुखत असे, अशी त्याची ख्याती आहे. १९९७ मध्ये रोलँडने रेमोच्या साहाय्याने जाळीचे पॅड आणले आणि ते दुखणे बव्हंशी संपले. रात्री साडेदहा वाजता आम्ही पाळीपाळीने बसलो, आणि शेजारच्या खोलीत वहिनी निवांत मालिका पाहत होत्या. असे दृश्य आमच्या वाजवण्याच्या इतिहासात नव्हते. आघात आणि आवाज यांच्यात काही मिलिसेकंदांचे अंतर पडते अशी तक्रार ऐकली होती. आम्हांला ते जाणवले नाही, आणि जाणवू नये असाच हिशेब आहे. ध्वनी तीन मिलिसेकंदांत सुमारे एक मीटर जातो. म्हणजे अंतर पडलेच तर ड्रम हातभर-दोन हात लांब सरकल्यासारखे. गायकाच्या मॉनिटरपासून आम्ही आयुष्यभर याहून लांब बसलो आहोत.

याहून मोठा गुण, जो गैरसोयीचाही आहे, तो हा की यंत्र तुमचे वाजवणे साठवते आणि पुन्हा ऐकवते. बँकवाल्याने पाच मिनिटे दादरा वाजवला, मेट्रोनोम लावून. मग ऐकला. दर चौथ्या आवर्तनाला, भरणा घेताना, तो पुढे पळत होता. तीस वर्षांत हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही, कारण आम्हीही तिथेच पळत होतो. चौघांचे मुद्रण ऐकल्यावर हे सिद्ध झाले.

दुसऱ्या दिवसापासून उणिवा दिसू लागल्या. हाय-हॅट ही पहिली. खऱ्या हाय-हॅटमध्ये दोन थाळ्या असतात, आणि त्यांच्यातल्या फटीत सगळा संसार असतो. पाय किंचित सैल केला की आवाज किलकिला होतो, आणखी सैल केला की पसरतो, हळूच मिटला की सुस्कारा येतो. इथे एकच चकती आणि खाली पेडल. उघडे, अर्धे, मिटलेले असे टप्पे बरे निघतात. मधली वाट निघत नाही. ब्रश निरुपयोगी, कारण ब्रशचे काम घासण्याचे आणि यंत्राला फक्त ठोका कळतो. आणि जाळीची उसळी. ती प्लॅस्टिकच्या पडद्यापेक्षा अधिक आहे. काठी आपसूक वर येते. मनगटाला हे सुख वाटते. हे सुख महाग पडते, याचा दाखला त्याच्याच एका विद्यार्थ्याने दिला होता. मुलगा घरी इलेक्ट्रॉनिक सेटवरच शिकलेला, हात चपळ. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला पहिल्यांदा खरा सेट मिळाला. त्याने सुरुवात केली आणि गाणाऱ्या मुलीचा आवाज पुढची चार मिनिटे कोणाला ऐकू आला नाही. त्याचे चुकले असे म्हणवत नाही. आवाज कमी करायचा तर बटण फिरवायचे, हे तो शिकला होता. हात आवरायचा असतो हे त्याला कळायची वेळच आली नव्हती.

एवढ्यावर निकाल दिला असता तर आम्ही जुन्या पिढीचे नेहमीचे गाऱ्हाणे गायले असे झाले असते. औषधवाल्याने हरकत घेतली. खरा सेट म्हणजे काय? आपण ज्याला कातडे म्हणतो ते १९५७ नंतरचे प्लॅस्टिक आहे. रेमो बेली यांनी वेदर किंग नावाने तो पडदा बाजारात आणला, त्याआधी वासराचे कातडे होते, आणि ते पावसाळी हवेत सैल पडे. त्याच्याही मागे जा. बेस ड्रम पायाने वाजवण्याचे लुडविग यांचे पेडल १९०९ चे. असली पेडले रुळण्यापूर्वी बँडमध्ये बेस ड्रमला एक माणूस, स्नेअरला दुसरा, सिम्बलला तिसरा असा थाट असे. ड्रमसेट हेच मुळी माणसे कमी करण्याचे यंत्र आहे. आपण त्यावर बसलो म्हणून ते आपल्याला पवित्र वाटते.

यावर खोलीत जी शांतता झाली तिचे कारण आम्हां चौघांनाच ठाऊक होते. म्हणून ते इथे सांगणे भाग आहे.

आमच्या वाद्यवृंदात काँगो-बाँगो वाजवणारे एक काका होते. वयाने आमच्याहून वीस वर्षांनी मोठे. आमच्या ठेक्याला त्यांनी किती वेळा सांभाळून घेतले त्याची मोजदाद नाही. ऑक्टोपॅड नावाची चीज १९८५ पासून जगात होती. आमच्यापर्यंत ती १९९३ साली, कोणाची तरी वापरलेली अशी आली. आठ रबरी चौकोन. त्यात काँगो होता, ढोलक होता, घुंगरूही होते, आणि तो काखेत मारून रिक्षातून नेता येत असे. मालकांनी आम्हांला विचारले, कारण ताल विभाग आमचा. सुपारीत एका माणसाचे पैसे वाचत होते आणि ते उरलेल्यांत वाटले जाणार होते. आम्ही चौघांनी ऑक्टोपॅडच्या बाजूने मत दिले. चौघांनीही.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या कार्यक्रमाला काका प्रेक्षक म्हणून आले. मध्यंतरात रंगमंचाच्या मागे येऊन म्हणाले, "बघू रे तुमचं ते." काठ्या पुढे केल्या त्या त्यांनी घेतल्या नाहीत. बोटांनी, काँगोवर वाजवत तसे, त्यांनी एका चौकोनावर हलके वाजवले. काहीच आवाज आला नाही. पुन्हा वाजवले. मग हात मागे घेऊन आम्हांला विचारले, "बंद आहे का?" आम्ही म्हणालो, "नाही काका, जरा जोरात मारा." त्यांनी मारले नाही. चहा घेतला आणि गेले. पुढे कधीतरी ते गावी गेल्याचे कळले. आम्ही भेटायला गेलो नाही.

बोटे का वाजली नाहीत, ते आम्हांला या सेटच्या तिसऱ्या दिवशी नीट समजले. मॉड्यूलमध्ये प्रत्येक पॅडसाठी उंबरठ्याची एक मर्यादा ठरवलेली असते. तिच्याखालचा आघात यंत्र मोजतच नाही. कारण हलका आघात आणि नुसता हादरा यांतला फरक त्याला कळत नाही. स्नेअरवर मुख्य ठोक्यांच्या मधे जे पुटपुटल्यासारखे हलके ठोके असतात, ज्यांच्यावर सगळा ठेका तरंगतो, त्यांतले निम्मे आमच्या मित्राच्या हातून हरवत होते. तो हात हलकाच ठेवतो. तीच त्याची ख्याती. त्याने दोन तास त्या मेनूत घालवले. मर्यादा खाली आणली तसे हरवलेले ठोके परत आले. पण मग पायाने बेस ड्रम वाजवला की त्याच्या धक्क्याने स्नेअर आपोआप बोलू लागला. मर्यादा वर नेली, स्नेअर गप्प झाला, हलके ठोके गेले. असे खालीवर करत त्याने एक जागा शोधली जिथे दोन्हींचे थोडे थोडे नुकसान होते. कड्या एकाच दांडीला जोडलेल्या, म्हणून हे होते. स्नेअरचे पॅड वेगळ्या स्टँडवर घेतल्यावर बरेच सुधारले. पूर्ण नाही. या सगळ्या वेळात आमच्यापैकी कोणी काकांचे नाव काढले नाही.

चौथ्या दिवशी बँकवाल्याचे लक्ष मॉड्यूलच्या बटणाकडे गेले. हेडफोनचा आवाज तीन चतुर्थांशावर होता. विचारल्यावर मित्र ओशाळला. लाकडी बेस ड्रमचा धक्का छातीत बसतो. इथे तो बसत नाही, म्हणून हात नकळत बटणाकडे जातो. ज्या कानासाठी दीड लाख खर्चायचे त्याच कानात हे ओतणे चालले होते. आम्ही चिडलो, आणि बऱ्यापैकी बोललो. वहिनींनी आतून नखांना लावायचा रंग आणला आणि बटणाच्या कडेला, खालच्या तिसऱ्या खुणेवर, एक लाल ठिपका दिला. त्याच्या वर जायचे नाही.

राहता राहिली संस्था. खालच्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्यांना विचारायला गेलो तर म्हणाल्या, "बाजा बंद झाला ते बरं झालं. पण आता रात्री कुणीतरी वर घण घालतंय." जाळी कितीही मऊ असली तरी बेस ड्रमचे पेडल जमिनीवरच असते, आणि स्लॅब सगळे खाली पोचवतो. वर आवाज नाही म्हणून आपण निर्धास्त, आणि खाली आजी जाग्या.

तिघांची मते विचाराल तर औषधवाला 'घे' म्हणाला, प्राध्यापक 'नको' म्हणाला, आणि बँकवाल्याने सेट घे पण लाकडी विकू नको, पैसे आपण तिघे घालू असे सुचवले. मित्राने पैसे घ्यायला नकार दिला, मग दोन दिवसांनी निम्म्यावर तयार झाला. शिकवणीत आता मुलांनी सहा दिवस जाळीवर वाजवायचे आणि रविवारी सकाळी एक तास, कानांत बोळे घालून, जुन्या लाकडी स्नेअरवर, तोही फक्त हलक्या हाताने. ही अट त्याची आहे. त्या तासाला आजींची संमती आहे. संस्थेची अजून लेखी आलेली नाही.

घणाचा उपाय ड्रमवाल्यांत सर्वत्र माहीत असलेलाच केला. प्लायवूडच्या दोन फळ्या, त्यांच्यामध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेले पाट, त्यावर सगळा सेट. नवे चेंडू परवडेनात म्हणून एका जिमखान्यातून वापरून टाकलेले चाळीस मागून आणले. माळी ते पोत्यात भरून देताना विचारत होता, इतक्या वयात खेळायला सुरुवात केली का. फळ्या कापून आणायचे काम प्राध्यापकाकडे आहे, आणि त्याने मापे दोनदा चुकवली आहेत.