वैनगंगेच्या मुरमावरून

प्रिय तू,

मोझेल नदीकाठचे फोटो मिळाले. सगळे बघून झाले, परत एकदा बघून झाले, आणि तुला सांगते, पोटात चांगलंच दुखलं. उतारावर ओळीने लावलेले द्राक्षांचे वेल, खाली वळसे घेत जाणारी नदी, टेकडीवर किल्ला, आणि मधोमध हेल्मेट घालून ऐटीत उभी तू! माझ्यामागे डबलसीट बसून 'हळू गं, हळू' करत माझी ओढणी ओढणारी हीच का ती? आणि म्हणे ग्रॅव्हल बाईक. गिट्टी-मुरमावरून चालवायची खास सायकल असते, असं मी आईला समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यात खास काय? आपल्याकडे दुसरा रस्ता होता कुठे?"

आईचं खरंच आहे. म्हणून म्हटलं, आपल्या खोऱ्याची हकीकत तुला कळवावी, म्हणजे तुझा तोरा जरा उतरेल. भाच्याने त्याची जुनी ग्रॅव्हल बाईक पुण्याहून माझ्या गळ्यात मारली, तेव्हापासून मी गडचिरोलीच्या आजूबाजूचे पांदण रस्ते धुंडाळत असते. कठाणीच्या काठानेही जाऊन आले. 

किल्ल्यांचं म्हणशील तर आपण मुळीच कमी नाही. चंद्रपूरचा परकोट तर मला खास सायकलवाल्यांसाठीच आखलेला वाटतो. गोष्ट तुला ठाऊक आहे: राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीला निघाला, तर ससाच उलट त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. राणी म्हणाली, ज्या वाटेने ही पळापळ झाली तिच्यावरूनच तट बांधा. त्या सशाने आखलेल्या वाटेवर आज जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे आहेत, शिवाय खिडक्या. 2017 मध्ये इको-प्रो संस्थेच्या पोरांनी तटावरची झाडं-झुडपं काढायला घेतली, म्हणून तो आता निदान दिसतो तरी. जटपुऱ्याची गर्दी मात्र होती तशीच आहे. तिथे सायकल हातात धरून चालण्यातच शहाणपण.

माझा जीव जडलाय तो वैरागडावर. आरमोरीहून आत वळलं की डांबर कधी असतं, कधी नसतं. दोन्ही बाजूंना धानाच्या बांद्या, मधूनच बोडी, नाल्यावर रपटा, आणि रपट्यावर हमखास बसलेल्या म्हशी. मग एकदम खंदक आणि काळ्या दगडाचा दरवाजा. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद केली आहे, बघ! आता हिरे नाहीत, तिकीट नाही, मार्गदर्शक नाही. बुरुजावर वानरांची पंचायत भरली होती, तिने माझ्या हेल्मेटची बराच वेळ चर्चा केली. आणि हो, तुझ्या त्या कोखेमच्या किल्ल्याबद्दल मी वाचून काढलंय. तो फ्रेंचांनी 1689 मध्ये उडवला, आणि तू ज्याच्यापुढे फोटो काढलास तो बर्लिनच्या एका व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात हौसेने पुन्हा उभा केलेला. आमचा पडला तो पडलेलाच आहे, पण जेवढा आहे तेवढा अस्सल.

परत येताना आरमोरीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. चौकातल्या सायकलवाल्या काकांनी ट्यूबला ठिगळ झकास लावलं, पण त्यांच्या पंपाचं तोंड काही माझ्या व्हॉल्व्हवर बसेना. तुझ्याही सायकलला तो तसलाच असणार, बारीक, लांबुडका. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, व्हॉल्व्ह दोन बोटांत धरून फिरवला आणि विचारलं, "बाई, याले हवा भरतेत का औषध देतेत जी?" भोवती ही पोरं जमली! मग त्यांनी व्हॉल्व्हवरची प्लॅस्टिकची टोपी घेतली, ब्लेडने तिचं टोक छाटलं, ती उलटी करून फिरवून बसवली, वर पंप लावला, आणि चाक टणक. दहा रुपये घेतले. तुमच्याकडे एवढ्यासाठी दुकानाची वेळ घ्यावी लागते म्हणालीस ना?

आता द्राक्षांचं. इथे सध्या मोह गळतोय. त्या वासाचं वर्णन तुला काय करायचं, तुझ्या नाकात तो अजून असेलच. पहाटे झाडाखाली फिकट पिवळ्या, रसाळ फुलांचा सडा पडतो. बायामाणसं टोपल्या घेऊन वेचतात, अंगणात वाळत घालतात, आणि चार दिवसांत ती फुलं मनुकांसारखी तपकिरी होऊन आकसतात. मी सायकल टेकवून एका अंगणात उभी राहिले, तर आजीने मूठभर हातावर ठेवली. गोड, मागून किंचित उग्र. पुढचं तू विचारायच्या आत सांगते, नाही, मोहाची दारू घेतली नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठलीसुद्धा. दोन जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते, तेव्हा पुलाच्या मध्यावर कायदा बदलतो. तुझ्या त्या रीसलिंगची बाटली आणणार असशील तर मुक्काम कुठल्या काठावर करायचा ते आधी ठरव.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. तुमच्याकडे म्हणे पहाटे धुक्यात सायकल काढायची मजा असते. इथे पहाट आपली नाही. मोह वेचायला गेलेल्या बायांवर वाघाने झडप घातल्याची बातमी दर उन्हाळ्यात येते, आणि त्या बायांना घरी बसून चालत नाही. 2021 मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळपही आला, तेव्हापासून गावकरी आधी हत्तींची खबर देतात, मग चहा. माझा नियम असा: ऊन चांगलं वर आल्याशिवाय निघायचं नाही, सूर्य कलायच्या आत घरी. जंगलात शिरण्याआधी नाक्यावर विचारायचं, आणि नाही म्हणाले की मुकाट्याने मागे फिरायचं. पण उन्हाळ्यात ऊन वर आलं की पारा 45 कडे धावतो. म्हणजे वाघाची वेळ टाळावी तर सूर्य, सूर्याची टाळावी तर वाघ! तेव्हा तू आत्ता येऊ नकोस. आलापल्लीकडच्या मोठ्या रस्त्याचंही नाव काढू नकोस. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक तिकडून सारखे जात-येत असतात, त्यांच्या धुळीत सायकलवाल्याने जाऊ नये.

डिसेंबरात ये. तेव्हा धान कापून झालेलं असतं, बांद्यांत पुंजणे उभे असतात, मुरूम बसलेला असतो. आपण चामोर्शीवरून मार्कंड्याला जाऊ. तिथे वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून तर तिचा एवढा महिमा. देवळाचं शिखर कधीकाळी वीज पडून कोसळलं होतं, पण भिंतींवरच्या मूर्ती बघत अख्खी दुपार जाते. तुला चढच हवे असतील, पोटऱ्या दाखवायच्याच असतील, तर गडचांदूरहून माणिकगडाच्या डोंगरात जाऊ. तो नागवंशी राजाने बांधला असं सांगतात, दरवाज्यावर नागही कोरलेला आहे. मी तिथे अजून गेले नाही. एकटीने नको वाटतं, तुझ्याचसाठी राखून ठेवलाय.

वय झालं वगैरे कारणं सांगू नकोस. 1985 मध्ये आपल्या वरोऱ्याच्या बाबा आमट्यांनी शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारी ते काश्मीर सायकल यात्रा काढली, तेव्हा ते स्वतः सत्तरी ओलांडलेले होते. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना सायकलवर बसता येत नव्हतं, गाडीत आडवं पडून ते सगळ्यांबरोबर गेले. तुझी तर नुसती गुडघेदुखी आहे, आणि तीसुद्धा फोटोत कुठे दिसत नाही.

तर तिकीट काढ आणि तारीख कळव, मी नागपूरला घ्यायला येते. सायकल आणायची तर आण, पण सुटे ट्यूब आणि तुझ्या व्हॉल्व्हला बसणारा पंप बरोबर हवा, वैरागडच्या पुढे सायकलचं दुकान मिळेलच असं नाही. आईने तुझ्यासाठी मोहफुलं वाळवून डब्यात भरून ठेवली आहेत. विमानात ती नेता येतात का, तेवढं तिथल्या कस्टमवाल्यांना विचारून ठेव.

तुझीच,
मी